हौदात तुंबा चालेल का?

माझ्या अंगावर एक मळकट रेषा आहे. देठापासून खाली मोजले तर ती चार बोटांवर येते, आणि तिची रुंदी गव्हाच्या दाण्याएवढी आहे. रेषेच्या वरचा भाग जुन्या पितळेसारखा पिवळट आहे, खालचा थोडा काळसर. ही रेषा कोणी रंगाने काढलेली नाही. पाण्यात माझा जेवढा भाग बुडतो आणि जेवढा कोरडा राहतो, त्यांच्या सीमेवर तळ्यातला बारीक गाळ बसत गेला आणि तिथेच वाळला. उजेडात धरून पाहिले तर तिच्याखाली आणखी दोन रेषा दिसतात. प्रत्येक खालची रेषा वरच्यापेक्षा फिकी आहे.

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे, म्हणजे वाळलेला भोपळा. आमच्या जातीचे भोपळे कडू असतात, म्हणून आम्हाला कोणी चिरत नाही. आम्हाला वेलावरच पिकू देतात आणि मग उन्हात वाळवतात. आतला गर आकसून जातो, बिया सुट्या होतात आणि कठीण कवचाच्या आत उरते ती फक्त हवा. ती हवा हेच माझे सगळे बळ. पाणी मला वर ढकलते, आणि माझ्या दोरीला बांधलेल्या मुलालाही माझ्याबरोबर वर ठेवते.

माझा जन्म चांदा जिल्ह्यातला. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. जिल्ह्याच्या उत्तर भागात जंगलाच्या कडेने तळीच तळी आहेत, आणि अशाच एका तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, ढिवरांची वस्ती होती. मासे धरणे, शिंगाडा लावणे आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी करणे, हा त्या लोकांचा व्यवसाय. वस्तीतल्या इस्तारीच्या छपरावर माझा वेल चढला होता. त्याच्या बायकोने, शकुबाईने, तो लावला होता. मी वाळल्यावर इस्तारीने मला कानाशी धरून हलवले. बिया खुळखुळल्या. "झाला हा तयार," तो म्हणाला. त्याने माझ्या देठाच्या जागी कुसुमाच्या झाडावरची लाख तापवून लावली, म्हणजे पाण्याला आत शिरायला वाट राहू नये. माझी कंबर मुळातच बारीक आहे. तिच्याभोवती त्याने अंबाडीची दोरी वळून बसवली.

आमच्या तळ्यावर पोहायला शिकण्याची एक रीत होती. मुलाच्या पाठीवर तुंबा बांधायचा. ज्याने बांधला त्यानेच तो एक दिवस सोडायचा. मूल आपल्या मनाने सोडू शकत नसे, आणि दुसऱ्या कोणी सोडलेलेही चालत नसे. बांधणारा हयात नसेल तरच घरच्या कोणी त्याचे नाव घेऊन सोडायचा. सोडणाऱ्याने घाटावर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगायचे, की अमकीला अमक्याने बांधली होती, आता ती मोकळी पोहते. या रीतीला कारण होते. तळे मोठे होते आणि प्रत्येकाची नजर प्रत्येकाच्या पोरावर असे. तुंब्याविना एखादे लहान मूल खोल पाण्यात दिसले, की जवळची बाई त्याला काठाला ओढून आणी आणि वर दोन रट्टे देई. म्हणून कोण सुटले आहे हे सगळ्यांना ठाऊक असावे लागे. एक मूल सुटले की तुंबा राखेने घासून पुढच्या मुलाकडे जाई. मधेच तो दुसऱ्याला बांधत नसत.

कुंताच्या आधी मी वस्तीतली चार पोरे तारली. पण माझ्या अंगावरच्या या रेषा एकट्या कुंताच्या आहेत.

कुंता ही इस्तारी आणि शकुबाईची एकुलती एक मुलगी. ती सात वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात इस्तारीने मला तिच्या पाठीवर बांधले. तो छातीभर पाण्यात उभा राहिला आणि त्याने तिच्या पोटाखाली आपला तळवा धरला. कुंता इतकी घाबरली होती, की तिने सगळा भार माझ्यावर टाकला आणि मी चार बोटे सोडून पुरता बुडालो. सगळ्यात वरची रेषा त्या दिवसांची.

"बा, सोडू नको!" ती ओरडत होती.

"अवं, म्या धरलीच नाई तुले," इस्तारी हसून म्हणाला. "थो तुंबा धरून राह्यला. माया हात तर नुसता खाली हाय."

मित्रांनो, तो खोटे बोलत होता. त्याचा तळवा तिला लागून होता. पण आठवड्याभरात ते खरे झाले. मग कुंता पाय मारायला शिकली. ज्या मुलाला पाय मारता येतात ते तुंब्यावर कमी लटकते, आणि तुंबा पाण्यातून थोडा वर येतो. अशी दुसरी रेषा उमटली, पहिलीच्या खाली.

श्रावणात इस्तारीला ताप आला. दवाखाना नदीपलीकडे होता आणि नदीला पूर होता. पोळ्याआधी तो गेला. मी तेव्हा खुंटीवर होतो, आणि माझ्या दोरीला त्याने मारलेली गाठ तशीच होती.

पाणी ओसरल्यावर शकुबाईने मला खाली काढले आणि कुंताच्या हातात दिले. गाठ सोडायची गरज नव्हती, कारण दोरीचा फास खांद्यांवरून घालता येत असे. पुढे कुंता वाढली आणि दोरी तिच्या काखेत रुतू लागली. तेव्हा शकुबाईने दोरी मधे कापून तिला लुगड्याच्या काठाची पट्टी जोडली आणि फास मोठा केला. नवी दोरी वळणे सोपे होते. पण मग जुनी गाठ सोडावी लागली असती.

घर चालवण्यासाठी शकुबाई बंगल्यावर कामाला जाऊ लागली. हा बंगला एका मालगुजाराने, म्हणजे इथल्या जमीनदाराने, शिकारीसाठी बांधला होता. मालगुजारी संपल्यावर त्याच्या वारसांनी तो पाहुण्यांसाठी उघडला. नागपूरची मंडळी जंगल पाहायला येत, आठ दिवस राहत, आमरस खात आणि हौदात डुंबत. हौद सिमेंटचा होता, एका टोकाला गुडघाभर आणि दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोल. शकुबाईने हौदातला पाचोळा काढायचा, काठ घासायचा आणि पाहुण्यांची मुले पाण्यात असली की लक्ष ठेवायचे, असे काम होते. कुंता तिच्याबरोबर जाई, आणि कुंताबरोबर मी.

बंगल्याचे व्यवस्थापक होते गुणवंतराव. ते वाईट माणूस मुळीच नव्हते. त्यांना कोणालाही नाही म्हणणे जमत नसे, एवढेच. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला रोज नवा नियम करावा लागतो.

पहिल्या दिवशी त्यांनी मला कुंताच्या पाठीवर पाहिले आणि म्हणाले, "असू द्या, शकुबाई. पाहुणे झोपले आहेत तोवर डुंबू द्या पोरीला."

चार दिवसांनी नागपूरच्या एका बाई जेवणानंतर लवकर उठल्या आणि हौदावर आल्या. "अहो गुणवंतराव," त्यांनी वरूनच हाक मारली, "हौदात भोपळा काय तरंगतोय? तुम्ही भाजी धुता की काय इथे?"

दुसऱ्या दिवशी हौदाच्या खांबावर निळ्या रंगाची पाटी लागली. हौदात भाजीपाला आणू नये.

बंगल्याचा चौकीदार लटारू याला वाचता येत नव्हते, म्हणून तो रोज सकाळी गुणवंतरावांनाच विचारी. पाटी ऐकून त्याने डोके खाजवले. "साहेब, भाजीपाला कोण आणून राह्यला जी?"

"तो तुंबा, लटारू."

"थो तर वाळला जी. त्याची भाजी होत नाई."

"नियम म्हणजे नियम."

तेव्हापासून मी काठावर बसू लागलो. पाण्यात रबराच्या गोल चकत्या तरंगत. त्या शहरातून येत, फुंकून फुगवत, आणि त्यांच्यावर बदके काढलेली असत. मला त्यांचा राग नव्हता. त्यांच्या आतही हवा होती आणि माझ्या आतही हवाच होती. फरक होता तो बाहेरच्या कातडीचा, आणि गुणवंतरावांचा नियम फक्त कातडीपुरता होता.

मे महिन्यात एका डॉक्टरांचे कुटुंब आले. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाची चकती दुसऱ्याच दिवशी हवा सोडू लागली. मुलाने काठावर मला पाहिले आणि भोकाड पसरले. त्याला बदक नको होते, भोपळा हवा होता.

त्याची आई गुणवंतरावांकडे गेली. गुणवंतरावांनी घाम पुसला. "पाहुण्यांच्या मुलाने वापरला तर हरकत नाही," ते म्हणाले. "सध्यापुरती."

"म्हंजे भाजी पाहुण्याच्या पाठीवर गेली का भाजी राहत नाई," लटारू शकुबाईच्या कानाशी पुटपुटला.

शकुबाई हसली नाही. कुंता सुटेपर्यंत मला दुसऱ्याला बांधायचे नाही, ही आमच्या तळ्याची रीत तिला ठाऊक होती. पण समोर पाहुणी उभी होती, मूल रडत होते, आणि ही नोकरी गेली तर दुसरी नव्हती. तिने फास आवळला आणि मला त्या मुलाच्या पाठीवर घातले.

"माय," कुंता हळूच म्हणाली, "थो तर माया तुंबा होय."

"चूप राय. चार दिवस."

तो मुलगा चांगला होता. मला मिठी मारून तो झोपायलाही घेऊन गेला. पण रात्री खुंटीवर माझी जागा रिकामी होती, आणि त्याची बातमी वस्तीत पोहोचलीच.

सोमाजी हा इस्तारीचा धाकटा भाऊ. त्याची मुलगी गोकुळा पाच वर्षांची होती आणि तुंब्याची पाळी पुढे तिचीच होती. तो दाराशी आला, उंबऱ्याबाहेरच बसला.

"वहिनी, नागपूरच्या पोट्ट्याले तुंबा बांधला म्हणते?"

"बांधला, भाऊजी."

"मंग माया पोरीनं काय पाप केलं?"

"कुंता सुटली का गोकुळाचाच हाय."

"कुंता कवा सुटन? गेल्या साली म्हटलं बघू, यंदाई बघू." मग त्याचा आवाज उतरला. "म्या काय म्हणतो वहिनी, दादाचं नाव तुमच्या तोंडून कसं निघन? म्या घाटावर उभा राहतो. दादानं बांधली व्हती, म्या सोडतो, असं सांगतो. लोकाइले चालन."

आमच्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नसत. शकुबाई 'कुंताचा बाप' एवढेच म्हणे, आणि तो गेल्यावर तर तेही कमी झाले होते. सोमाजीने सांगितलेला मार्ग सोपा होता. ती उठली आणि तिने त्याच्यापुढे पाण्याचा गडवा ठेवला.

"बघू, भाऊजी," ती म्हणाली.

डॉक्टरांचे कुटुंब गेले आणि पाठोपाठ हौदात एक चकती बाभळीच्या काट्यावर बसून फाडकन फुटली. मुले किंचाळली. गुणवंतरावांनी पाटी बदलली. रबर बंद, तुंबा चालेल. आठवड्याने एका सरकारी अधिकाऱ्याची मुले लॉरीची काळी ट्यूब घेऊन आली. ट्यूब म्हणजे रबरच. गुणवंतराव पाटीकडे बराच वेळ पाहत राहिले. शेवटी त्यांनी खाली बारीक अक्षरात लिहिले, सरकारी पाहुण्यांस सवलत. पुढच्या उन्हाळ्यात रबर पुन्हा सुरू झाले आणि तुंबा पुन्हा बंद, कारण पहिल्या वर्षीच्या त्या बाई परत यायच्या होत्या.

"साहेब, आज काय चालते जी?" लटारू सकाळी विचारी.

"रबर."

"आन तुंबा?"

"आज नाही."

"पाणी थेच हाय ना पण? का थेई बदललं?"

गुणवंतराव हसत, पण पाटी तशीच राही.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यातली एक दुपार मी तुम्हाला सांगणार आहे. तुंबा बंद होता, म्हणून मला हौदाच्या सिमेंटवर ठेवले होते. पाहुणे जेवायला गेले होते. आंब्याचा पाचोळा खोल टोकाकडे गोळा झाला होता आणि तो काठावरून निघत नव्हता. शकुबाईने कुंताला पाण्यात उतरवले. "काठ धरून राय," ती म्हणाली, आणि केरसुणी घेऊन पलीकडे वळली.

कुंताने थोडा वेळ काठ धरला. मग पाण्यावर तरंगणारे, कोणीतरी विसरलेले एक लहान रबरी बदक तिला मधोमध दिसले. तिने काठ सोडला. ती बदकापर्यंत गेली, ते दातांत धरले आणि हौदाच्या पलीकडच्या टोकाला पोहोचली. तिथून पुन्हा वळली. पाण्यावर फार लाटाही उठल्या नाहीत.

मी पाहत होतो. शकुबाईही पाहत होती. तिची केरसुणी हवेत थांबली होती. कुंता काठाला लागली तेव्हा केरसुणी पुन्हा चालू लागली.

मला कुंताच्या पोहण्याचे नवल वाटले नाही. मित्रांनो, माझी तिसरी रेषा आठवा, सगळ्यात खालची आणि सगळ्यात फिकी. ती त्याच वर्षी उमटली होती. तळ्यात कुंता मला पाठीवर घेऊन जाई तेव्हा माझा जेमतेम तळ ओला होई. मी तिला तारत नव्हतो. तीच मला फिरवून आणत होती.

त्या दुपारी आणखी एक झाले. सिमेंट इतके तापले, की माझ्या देठावरची लाख मऊ झाली आणि कडेला सरकली. कोणीतरी ओले पाय आपटत गेले आणि पाण्याचे दोन थेंब माझ्या आत शिरले. संध्याकाळी शकुबाईने सवयीने मला कानाशी हलवले. बियांचा आवाज जड झाला होता. तिला तो लगेच कळला. तिने मला दोन दिवस चुलीजवळ उलटे टांगले, मग नवी लाख लावली आणि पुन्हा हलवून ऐकले.

मित्रांनो, एवढेच मागणे तुमच्याकडे आहे. तुमच्या घरी पाण्यावर तरंगणारे काहीही असो, रबराचे, लाकडाचे की माझ्यासारखे वेलावरचे, ते कशाचे आहे आणि कोणाचे आहे हे विचारण्याआधी ते गळते आहे का, हे पाहा. तापलेल्या दगडावर ते ठेवू नका. काट्यात टाकू नका. आणि ज्याच्या पाठीवर ते बांधाल त्याच्यापासून हाताच्या अंतरावर राहा. गुणवंतरावांच्या पाटीवर हे कधीच लिहिलेले नव्हते.

मी दुरुस्त झालो आणि दुसऱ्या दिवशी तळ्यावर शकुबाईने मला पुन्हा कुंताच्या पाठीवर घातले. कुंताने हात वर केले, फास खाली आला. पट्टी आता फिकी पडली होती. गाठ तशीच होती, पाण्याने आणि उन्हाने घट्ट होऊन दगडासारखी झालेली.

पाऊस येऊन गेला. दिवाळीच्या सुमारास आमचा जिल्हा एका राज्यातून निघून दुसऱ्या राज्यात गेला, असे बंगल्यावर ऐकू आले. तळे होते तिथेच राहिले. शिंगाडे तयार झाले होते.

शिंगाडा तोडायचा म्हणजे बायका छातीभर पाण्यात उतरतात. वेल पाण्यावर पसरलेला असतो. तो उचलायचा, पानांच्या खालची फळे खुडायची आणि टोपलीत टाकायची. काटे टोचतात, पण बायका हसतात, गाणी म्हणतात, एकमेकींची खोडी काढतात. वर्षभरात तळ्यावर एवढा आवाज दुसऱ्या कधी नसतो. सुटलेल्या पोरींना त्या वेलात जाऊ देतात. बांधलेल्यांना नाही, कारण दोरी वेलात अडकते. कुंताहून लहान असलेली इंदू आईच्या मागे वेलात शिरली होती. कुंता घाटाच्या पायरीवर मला पाठीवर घेऊन बसली होती. तिच्या शेजारी गोकुळा बसली होती आणि बोटाने माझ्यावरची रेषा पुसून पाहत होती.

"कुंताबाई, तुले काऊन ठेवलं गं काठावर?" वेलातून इंदू चिडवत होती. "म्हातारी झाल्यावर सुटशील का?"

"तू शिंगाडे तोड, तोंड नको चालवू," कुंता म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते.

बंगल्यावर पाहुणे येणार होते, म्हणून शिंगाडे न्यायला गुणवंतराव स्वतःच आले. मागे लटारू टोपली घेऊन होता. शकुबाई पाण्यातून घाटापर्यंत आली.

"शकुबाई," गुणवंतराव म्हणाले, "पाटी मी पुसून टाकली. सध्या कोरी आहे. दोन वर्षांत आठ नियम झाले. लटारू मला रोज हसतो."

"म्या कुठी हसतो जी?" लटारू म्हणाला. "म्या फक्त विचारतो."

"यंदा एकच नियम लिहायचा म्हणतो. तुंबा चालेल की नाही? तुमच्या तळ्यावर काय नियम आहे, ते तरी सांगा."

शकुबाईने ओले हात लुगड्याला पुसले. "आमच्यात एकच हाय, साहेब. ज्यानं बांधला त्यानं सोडाचा. सुटल्यावर सगळ्याइले सांगाचं. मधात दुसऱ्याले द्याचा नाई. पाहुणा असो का घरचा."

"वा," गुणवंतराव म्हणाले. "हे बरे आहे. एकच, आणि सगळ्यांना सारखे."

"सारखं नाई जी," पायरीवरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिले. कुंता उभी राहिली होती. ती नेहमी हळू बोलणारी मुलगी. पण आता तिला थांबता येत नव्हते.

"माय, हौदात तू मले सोडते. तळ्यात बांधते. म्या दोन हावो का? डाक्टरच्या पोराले तुंबा दिला. गोकुळाले नाई दिला. मले पोहता येते थे तुले दिसलं, तू झाडत व्हती तवा. म्या पायलं तुले." तिचा आवाज फाटला. "साहेबाची पाटी तरी खांबावर हाय. आज काय चालते थे विचारता येते. तुयी पाटी कुठी हाय? म्या कोणाले विचारू?"

लटारूने टोपली खाली ठेवली. गुणवंतराव पायांकडे पाहू लागले. वेलातल्या बायकांचे गाणे मधेच थांबले.

मला वाटले, शकुबाई रागावेल. ती रागावली नाही. "कुंताच्या बापानं..." ती पाण्यातूनच म्हणाली आणि नावापाशी अडली. काठावर जाळे वाळत घालणारा सोमाजी हे ऐकून घाईने खाली आला.

"वहिनी, राहू द्या. म्या सांगतो. म्या नाव घेतो दादाचं."

"नको भाऊजी," शकुबाई म्हणाली. "तुमी नको."

तिने हात पुढे केला. कुंता पायऱ्या उतरून पाण्यात आली, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. शकुबाईने तिला पाठमोरी उभी केली. फास तिने वर ओढला नाही. तिने माझ्या कमरेवरची गाठ बोटांनी चाचपली आणि ती सोडवायला लागली. अंबाडी आटून घट्ट झाली होती. नख लागेना. तिने ती पाण्यात बुडवून धरली, थोडी भिजू दिली, मग दात लावले. तिचे गाल माझ्या कवचाला लागले होते. ते तळ्याच्या पाण्यापेक्षा गरम होते.

इस्तारीने मारलेली गाठ हळूहळू सैल झाली. एक पदर निघाला. मग दुसरा. दोरी माझ्या कमरेवरून घसरून पाण्यावर लांब पसरली, आणि मी कुंताच्या पाठीवरून वेगळा झालो. गोकुळाने पायरीवरून वाकून मला दोन्ही हातांनी पकडले.

कुंता हलली नाही. सांगितल्याशिवाय जायचे नसते, हे तिला माहीत होते.

शकुबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. तिने वेलातल्या बायकांकडे पाहिले, काठावरच्या पुरुषांकडे पाहिले आणि पाण्यावरून पलीकडच्या पाळीपर्यंत जाईल अशा आवाजात ती बोलली.

"ऐका वो सगळेजण! इस्तारीनं बांधली व्हती, म्या सोडून राह्यली. कुंता आता मोकळी पोहते. तिले कोणी काठाले ओढू नका!"